आतड्याचा फोटो

सोमवार, २ मार्च

बस सोडून पळाले! थांब्यावर नीट उभी करून, हँडब्रेक ओढून — पण पळाले ते पळालेच. मागे भरलेली बस. मी समोरच्या चष्म्याच्या दुकानात घुसले. "बाथरूम कुठंय?" दुकानदार बिचारा हातातली फ्रेम तशीच धरून कोपऱ्याकडे बोट दाखवत राहिला.

परत आले तर बसमध्ये चिडीचूप. मग मागून कुणीतरी — "झालं का, मॅडम?" सगळे हसले. मीही हसले आणि गिअर टाकला.

तक्रार गेलीच. संध्याकाळी डेपो मॅनेजरने बोलावलं. मी खरं तेच सांगून टाकलं. चार-पाच महिने झाले, पोटात मुरडा उठतो, कधीकधी धरवत नाही, वजन उतरलंय. तो पेपरवेट फिरवत ऐकत होता. "डॉक्टरांनी ठीक आहे म्हणेपर्यंत गाडी नको. चौकशीच्या खिडकीवर बसा."

खिडकीवर! मी!

मंगळवार, ३ मार्च

दिवसभर काचेमागे. "सतरा नंबर कुठून सुटते?" माझीच गाडी. कुठून सुटते ते सांगितलं आणि ती सुटताना बघत बसले. कुणी नवाच चालवत होता. वळण फार मोठं घेतो.

बुधवार, ४ मार्च

पोटाच्या डॉक्टरीणबाई. रक्ताचे, शौचाचे रिपोर्ट त्यांच्यासमोर होते. आत कुठेतरी सूज आहे म्हणाल्या. कुठे आणि किती, ते बघायचं तर एमआरआय. "लहान आतडं खूप लांब असतं. वरून दुर्बीण घातली तरी मधल्या भागापर्यंत पोचत नाही, खालून घातली तरी नाही. हा फोटो बाहेरूनच निघतो."

मी विचारलं, "हे ते तर नाही ना?"

"ते म्हणजे?"

तो शब्द तोंडातून फुटेना. त्यांना कळलं. "बघितल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. पण तुमची लक्षणं बघता माझ्या मनात आधी सुजेचा आजारच येतोय." आधी! म्हणजे नंतर आणखी काही येत असणार.

मग प्रश्नांची सरबत्ती. पोटात मूल? नाही. शरीरात कुठे धातू — स्क्रू, पट्टी, पेसमेकर? नाही. काचबिंदू? हृदयाचं काही? मूत्रपिंडाचं? नाही, नाही, नाही. इतकी धडधाकट बाई आणि बस सोडून पळते!

बारा तारीख मिळाली. घरी सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्या प्रेसमध्ये दुसरा मशीनवाला सुट्टीवर, याला हलता येणार नाही. मी म्हटलं, एकटी जाईन. तर सासरे पेपर खाली न करताच म्हणाले, "मी येतो."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई गेल्यापासून बाबांनी हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. स्वतःचा दातसुद्धा घरीच हलवून हलवून पाडला.

शुक्रवार, ६ मार्च

सासऱ्यांसमोर पोटाबद्दल काय बोलायचं, माणसाने! घरात संडास एकच, त्याची भिंत पातळ. मी आत असले की ते रेडिओ मोठा करतात. इतकी वर्षं एका छताखाली राहतोय, पण हा विषय कधी निघाला नाही. आता ते जेवताना विचारतात, "मग त्या दिवशी नेमकं काय काय करतात?"

रविवार, ८ मार्च

झोप नाही. पाय नुसते हलत राहतात. नवरा म्हणतो, "ब्रेक दाबतेस झोपेत."

मंगळवार, १० मार्च

हॉस्पिटलमधून फोन. सहा तास आधीपासून खायचं नाही. पाणी चालेल. आदल्या रात्री हलकं. सोबत कुणीतरी हवंच, कारण एक इंजेक्शन देतात त्याने थोडा वेळ धूसर दिसतं. गाडी चालवायची नाही.

"मी ड्रायव्हर आहे," मी म्हटलं.

"मग तर नाहीच," फोनवरची बाई म्हणाली.

बुधवार, ११ मार्च

अंगठी काढून ठेवली. एके काळी साबण लावूनही निघत नव्हती. आज नुसता हात खाली सोडला आणि निघाली. ती जमिनीवर गोल फिरत गेली, आणि मी बराच वेळ उचललीच नाही.

गुरुवार, १२ मार्च

झालं एकदाचं! आता बिछान्यात आहे, म्हणजे बिछाना आणि संडास यांच्यामध्ये आहे. आठवतंय तोवर लिहून काढते.

जाताना गाडी बाबांनी चालवली. देवा! सायकलवाले ओव्हरटेक करत होते. प्रत्येक सिग्नलला मी पायाखालची चटई दाबत होते. "तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये," ते म्हणाले. त्यांची मूठ स्टिअरिंगवर इतकी घट्ट की बोटं पांढरी पडलेली. मला वाटलं, रहदारीला घाबरलेत. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर क्षणभर गाडीतून उतरलेच नाहीत. मग एकदम उतरले आणि माझ्या पुढे चालायला लागले.

मी गाऊन घातला. मागे नाड्या. एका हाताने तो धरून, दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन बाहेर आले तर बाबांनी नजर छताकडे लावली. तिथून पुढे तासभर ते छताशीच बोलले.

मग ते पाणी. दीड लिटर! पेल्यामागून पेला, तासाभरात संपवायचं. गोडसर, बुळबुळीत, लिंबाने चव मारायचा प्रयत्न केलेलं. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "ताई, हे आतडं फुगवतं. पाण्याने भरलं की भिंती नीट दिसतात. हळू नका पिऊ, आणि घाईही नका करू." म्हणजे नेमकं काय करू?

दुसऱ्या पेल्यातच मला उमासा आला. "नाही जाणार," मी म्हटलं. बाबा उठले. मला वाटलं, चिडले. ते कूलरवरून आपला पेला भरून घेऊन आले. "चल. मी एक, तू एक."

"बाबा, तुम्हाला कशाला—"

"एकटीने पिताना घशाखाली उतरत नाही. चहाचंही तसंच असतं."

आणि प्यायले! माझ्या बरोबरीने, साधं पाणी, पण पेल्याला पेला. मधे मधे आम्ही कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारल्या, कारण चाललं की पाणी खाली सरकतं. चौथ्या पेल्यानंतर ते म्हणाले, "जरा आलो," आणि जे तरातरा गेले! मी हसले ते पोट धरूनच, कारण हसणं धोक्याचं होतं. परत आले, पुन्हा पेला भरला.

त्या मुलीला त्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. दुखतं का? आत अंधार असतो का? यात एक्स-रेसारखे किरण असतात का? ("नाही आजोबा, चुंबक असतं.") म्हाताऱ्या माणसाचंही करतात का? मला लाज वाटायला लागली. "बाबा, तिला काम करू द्या ना."

आत पालथं झोपायला सांगितलं. पोटात दीड लिटर आणि त्याच्यावरच! हाताला सुई. कानांवर हेडफोन. मुठीत रबरी फुगा — काही वाटलं तर दाबा. ते इंजेक्शन दिलं, आतड्याची हालचाल थोडा वेळ थांबावी म्हणून. तोंड कोरडं ठणठणीत. नळीत सरकवलं.

मग आवाज. माझ्या पहिल्या बसचा सायलेन्सर तुटला होता, तो आठवला. ठकठक, घर्रर्र, मग कुणीतरी पत्र्यावर घण घालतंय. कानात मुलीचा आवाज — "श्वास घ्या. सोडा. धरा." धरला. सोडा म्हणायला ती विसरली की काय, इतका वेळ. "सोडा." पुन्हा तेच. पुन्हा. मला वाटायला लागलं, आता ती "धरा" म्हणेल आणि निघून जाईल, सगळे जेवायला जातील आणि मी इथे. पाठ घामाने भिजली. काही दिसेना. फुगा दाबला.

आवाज थांबला. "बोला ताई."

काय बोलणार! "काही नाही. कुणी आहे का, ते बघितलं."

"आहे ना. मी आहे. आणि तुमचे बाबा दाराशी येऊन तीनदा विचारून गेलेत, तिला श्वास कधी सोडायला सांगणार."

मला इतकं हसू आलं! आणि मग रडू. पालथ्या माणसाचं रडू सरळ गादीत जातं, कुणाला कळत नाही. "थोडंच राहिलंय," ती म्हणाली. नंतर सुईतून औषध सोडलं, हातातून थंडगार काहीतरी वर चढत गेलं. आणखी काही वेळा धरा, सोडा. आणि बाहेर.

परत येताना दोनदा थांबावं लागलं. मी एक शब्द बोलले नाही. माझा श्वास जरा बदलला की बाबा पेट्रोल पंप बघून गाडी आत घ्यायचे, आणि मी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचे. डेपोतल्या एकाही माणसाला इतकं कळत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

पोट ओस. रिपोर्टला आठवडा लागणार!

सोमवार, १६ मार्च

खिडकीवर एका आजींनी विचारलं, "तुम्हीच ना त्या, पळालेल्या?" मी म्हटलं, "हो." "मी होते बसमध्ये. मीच म्हटलं सगळ्यांना, थांबा जरा, तिलाही पोट आहे." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. काच मधे होती.

बुधवार, १८ मार्च

फोन वाजला की नवरा आणि मी दोघं धावतो. आज धडकलो. फोन गॅसवाल्याचा.

बाबा धावत नाहीत, पण रेडिओ बंद करतात.

शुक्रवार, २० मार्च

गाठ नाही. गाठ नाही. गाठ नाही.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज. एका जागी वाट अरुंद झालीय, पण ती सुजेने, औषधाने मोकळी होईल असं दिसतंय. क्रोन्स म्हणतात याला. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर दाखवलं — काळ्या-करड्या पोटात एक जाडसर पांढरी कड. म्हटलं, हिच्यामुळे मी चष्म्याच्या दुकानात!

"पूर्ण बरा होत नाही," त्या म्हणाल्या. "पण ताब्यात राहतो. गाडीही चालवाल. फक्त औषध सोडायचं नाही आणि लपवायचं नाही."

नवरा पार्किंगमध्ये रडला. मी नाही. मला राग आला — आयुष्यभर म्हणजे? मग भूक लागली. कित्येक महिन्यांनी लागली.

घरी बाबा दारातच उभे. "गाठ नाही," मी म्हटलं. ते खाली बसले. मग म्हणाले, "म्हणजे त्यात स्वच्छ दिसतं सगळं." "हो, बाबा." "आणि औषध असतं." "असतं." "बरं," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

रविवार, २९ मार्च

औषध लागू पडतंय. सलग दोन रात्री शांत. रविवार असून कंटाळा आला, ही केवढी मोठी गोष्ट!

शुक्रवार, १० एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी चालवायला परवानगी दिली. डेपो मॅनेजर म्हणाला, "सोमवारपासून सतरा नंबर तुमची. तेवढं पळू नका." मी म्हटलं, "वाटेत कुणाकुणाची बाथरूम वापरायची, ते आधीच विचारून ठेवलंय. चष्मेवाल्याने तर चावीच कुठे असते ते दाखवलं."

गणवेशाला इस्त्री केली. पँट कमरेला अजून सैल. पट्ट्याला नवं भोक पाडलं.

सोमवार, १३ एप्रिल

पहाटे निघाले तर बाबा चपला घालून दारात. छताकडे बघत म्हणाले, "सूनबाई, मला त्या तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे ने. वर्ष झालं, मला शौचाला रक्त जातंय."

डेपोत फोन केला. आज गाडी नाही काढणार.