तीन लेन्स मावतील अशी पिशवी

माय,

परवा एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. बँकेत नोकरीला आहेत, हौसेनं छोटा कॅमेरा घेतलाय, सोबत दोन-तीन लेन्स, तर म्हणाल्या, ताई, पिशवी कुठली घेऊ, सुटसुटीत हवी. झालं, मी सुरू. म्हटलं, पिशवी नुसती बघून घ्यायची नसते. आपला कॅमेरा दुकानात न्यायचा, आत घालून बघायचा, पिशवी अंगावर अडकवून वाकायचं, खाली बसायचं, उठायचं. झाकण आपल्या अंगाकडे उघडत असेल तर घ्यायची नाही, हाताला आडवं येतं. चेन कॅमेऱ्याला घासत असेल तर घ्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे डोळे मिटून हवी ती लेन्स हातात आली पाहिजे. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हणाले, अनुभवानं येतं हो. इतक्या वर्षांनीसुद्धा जिभेला तुझं नाव घ्यायला काय झालं होतं कोण जाणे. त्या गेल्यावर चहा केला आणि तो ओट्यावर तसाच राहिला. म्हणून आता लिहायला बसलेय.

सिल्वासाजवळ डोकमर्डीच्या त्या खोलीत आपण राहायचो तेव्हाची गोष्ट, नव्वदच्या पुढची तीन-चार वर्षं. दादा एका कारखान्यात मशीनवर, तू गलोंड्याला धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला, आणि मी सिल्वासात स्टुडिओत निगेटिव्हवर नंबर टाकत बसलेली. स्टुडिओचे मालक कायमचे गावी परत निघाले तेव्हा जाताना त्यांचा जुना कॅमेरा आणि तीन लेन्स माझ्या हातात ठेवून गेले. म्हणाले, तुझा हात चांगला आहे, कुजवू नको. मी लग्नाचे फोटो काढायचं ठरवलं तर दादांनी घर डोक्यावर घेतलं. पोरीची जात, एकटी कुठं कुठं हिंडणार, लोक काय म्हणतील. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, मी जाते तिच्यासंगे. तेवढ्यावर ते भांडण संपलं. नंतर मात्र दादा भेटेल त्याला सांगायचे, आमची मुलगी फोटोग्राफर आहे म्हणून.

पहिली पिशवी तूच शिवलीस. कंपनीतून जाड ताडपत्रीचा तुकडा मागून आणलास, आतून गोधडीचं अस्तर लावलंस. धागा गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या तुमच्याकडे वाया गेलेल्या पडलेल्या असायच्या, त्या करवतीनं कापून, आत जुन्या लुगड्याचं कापड चिकटवून तू लेन्ससाठी घरं केलीस. त्यात लेन्स अशी बसायची की पिशवी आपटली तरी हलायची नाही. पण पिशवी झाली केवढी! मांडीवर घेतली की तुझं तोंड दिसायचं नाही. आत कॅमेरा, फ्लॅश, सेल, रोल, आणि तुझा पानाचा बटवासुद्धा. लेन्सना तू नावं ठेवलीस बुटकी, मधली आणि लांबुडकी. मी अठ्ठावीसची, पन्नासची, एकशेपस्तीसची असं म्हणून तुला शिकवायला गेले तर म्हणालीस, आकडे तू लक्षात ठेव, मला हाताला कळतं.

आणि खरंच कळायचं. मी फोटो काढतेय, डोळा कॅमेऱ्याला, डावा हात मागे करते आणि नुसती बोटं हलवते. तू मागे उभी. हातात लेन्स येते, झाकण काढलेली, आणि दर वेळी बरोबर तीच. मी मागितलेलीसुद्धा नसते. नवरीचे डोळे भरायला लागले की लांबुडकी, जेवणाची पंगत बसली की बुटकी. शिवाय मी मांडवात धावपळ करत असायची तेव्हा तू बायकांत बसून सगळी बातमी काढून ठेवायचीस. कुठला मामा रुसलाय, त्याचा फोटो आधी घे. ती कोपऱ्यातली विधवा आत्या, तिनंच नवरीला वाढवलंय, ती पुढं येणार नाही, तूच तिच्याकडे जा. गुजराती लग्न असो, वारल्यांचं असो की आपल्या धुळ्याकडच्या लोकांचं, तुला भाषा येवो न येवो, अर्ध्या तासात तू घरची झालेली असायचीस. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेल्या सासुरवाशिणी तू मागे हसतेस म्हणून माझ्या कॅमेऱ्याकडे बघायच्या. मला वाटायचं, मी फोटो चांगले काढते.

मग किलवणीचं ते लग्न. मंगळसूत्र बांधायची वेळ, मी श्वास रोखून उभी, बाजूला व्हिडिओवाला दिवा धरून. आणि नेमकी तू चौकटीत शिरलीस, नवरीच्या खांद्यावरचा पदर नीट करायला. मी तुझ्यावर खेकसले. भर मांडवात. "माय, बाजूला हो ना, तुला कळत नाही का काही?" व्हिडिओवाला हसला. दोन-चार पाहुणेही हसले. तू पिशवी छातीशी धरून मागे सरलीस आणि खांबाजवळ उभी राहिलीस. तरी पुढच्या मिनिटाला माझ्या हातात लांबुडकी आलीच. खरं सांगू, पदर निसटलाच होता. तू ओढला नसतास तर तो फोटो कुणाला दाखवायच्या लायकीचा राहिला नसता. पण मला त्या वेळी फोटोचं पडलेलं नव्हतं. तो व्हिडिओवाला मला आईचं बोट धरून आलेली पोरगी समजतो, हे मला खुपत होतं. माझ्या वयाचा, एकट्यानं यायचा, गळ्यात ऐटबाज काळी बॅग, सगळे त्याला साहेब म्हणायचे. आणि मी? माझ्यामागे ताडपत्रीचं बोचकं घेतलेली, पान खाणारी माझी आई. लाज वाटायची मला, माय. लिहितानाही कसंतरी होतंय, पण वाटायची.

दोन दिवसांनी मी विषय काढला तो मात्र तुझ्या गुडघ्यांचा. म्हटलं, तासन् तास उभं राहून तुझे गुडघे दुखतात, मी एक छोटी पिशवी घेते, अंगावर अडकवता येईल अशी, म्हणजे तुला त्रास नको. तू माझ्याकडे बघितलंस. गुडघे दुखत होतेच तुझे, पण ते कंपनीत आठ तास उभं राहून, आणि त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. तू म्हणालीस, चल मग, वापीला जाऊ, तुला एकटीला गंडवतील. आणि रविवारी आपण गेलो. मला वाटलं, तुला काही कळलेलं नाही.

ते दुकान आठवतं मला, स्टेशनापासून जवळच, छतापर्यंत बॅगा टांगलेल्या. दुकानदार म्हणायचा, मोटी लो, बेन, कल और सामान आएगा. मला एक पसंत पडली होती, कडक, चौकोनी, कोपऱ्यांना चकचकीत पत्रा. तू म्हणालीस, ही घेऊन गेलीस तर लोक डॉक्टरीण समजून दंड पुढं करतील सुई टोचून घ्यायला. दुकानदारालाही हसू आलं. मग तू कमरेला पदर खोचलास. लेन्स तू लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्यास, त्या बाहेर काढल्यास आणि एकेका पिशवीची परीक्षा सुरू. एकीची शिवण उलटी करून बघितलीस, दोरा कच्चा, नको. एकीच्या पट्ट्याची कडी कॅमेऱ्यावर आपटते, नको. एक मला फार आवडली तर तिची चिकटपट्टी तू चर्रकन उघडून दाखवलीस. मंगलाष्टकं चालू असताना असा आवाज केलास तर भटजी थांबेल, म्हणालीस. त्या माणसानं तासाभरात निम्मं दुकान खाली उतरवलं आणि तरी वैतागला नाही. सगळ्यात शेवटी खालच्या ढिगातून तूच एक ओढून काढलीस. काळी, मऊ, जेमतेम दीड वीत रुंद. मधोमध मधली लावलेला कॅमेरा, एका बाजूला बुटकी, दुसऱ्या बाजूला लांबुडकी, पुढच्या कप्प्यात रोल. झाकण पलीकडे उघडतं. माझ्या खांद्यावर तू ती घातलीस, पट्टा दोन घरं वर घेतलास.

मग तू मला म्हणालीस, डोळे मीट. मी मिटायच्या आधी तू माझ्या पुढं जाऊन उभी राहिलीस, मला पाठ करून, आणि माझ्यासारखा डावा हात मागे केलास. आधी म्हणालीस, बुटकी दे. मी डोळे मिटून चाचपडले, दिली. लांबुडकी दे. दिली. परत. परत. दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती आणि तू मला शाळेतल्यासारखं घोकून घेत होतीस. सात-आठ वेळा झालं तेव्हा माझा हात आपोआप जायला लागला. तू वळलीस, लेन्स परत जागेवर ठेवल्यास आणि आपल्या अहिराणीत म्हणालीस, "हाई ले. आते तुना मांगे कोनी उभं राहावानं काम नई."

मला तेव्हा हायसं वाटलं. तेवढंच. परत येताना तू खिडकीशी बसली होतीस आणि रस्ताभर बाहेर बघत होतीस, दमलीस असं मी धरून चालले.

पिशवी फार चांगली निघाली, खोटं कशाला बोलू. तिनं सहा पावसाळे काढले, चेन एकदासुद्धा अडकली नाही. मी एकटी जायला लागले. मलाही कुणी मॅडम म्हणायला लागलं. हात सरावला, काम वाढलं. फक्त एक व्हायला लागलं, अल्बम न्यायला आले की लोक पानं उलटत जायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, आमच्या काकी कुठंच नाहीत का? थोरले मामा राहिले का? मला कसं कळणार कोण काकी नि कोण मामा! मला कुणी सांगतच नव्हतं. आत बायकांच्या खोलीत मी गेले की बोलणं बंद व्हायचं. घरी आल्यावर तू जेवायला वाढता वाढता विचारायचीस, कोण कोण आलं होतं, नवरी रडली का, सासू कशी आहे. मी म्हणायची, होतं नेहमीचंच. मला खरंच माहीत नसायचं, आणि तुला विचारायची लाज वाटायची.

आणि मग तुझ्या पॅकिंगमधल्या त्या मुलीचं लग्न आलं. चार वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून तिनं खोकी भरली होती, तुला मावशी म्हणायची. लग्न नवरदेवाच्या गावी, घाटापलीकडे, दोन दिवसांचं काम. फोटोचं काम तिनंच मला दिलं, आणि मला न्यायला सकाळी जीप येणार होती. आदल्या दिवशी दुपारी तू कामावरून आलीस, हातपाय धुतलेस आणि भिंतीला टेकून बसलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जीपमधे जागा ऱ्हायनी ते मी बी येस." जागा असली तर तुलाही यायचं होतं. मी लेन्स पुसत होते. मी म्हणाले, जागा नाही, व्हिडिओवाले आहेत, त्यांचं सामान आहे, नवरीचे काका आहेत. तू म्हणालीस, बरं. मग चप्पल घातलीस आणि म्हणालीस, मग जाऊन चौथ्या खोलीतल्या बाईला सांगून येते, मी दोन दिवसांच्या शिफ्ट तिच्याशी बदलून घेतल्या होत्या. आणि तिला सांगायला गेलीस, की आता नको, मीच जाते कामावर.

त्या लग्नात नवरीनं मला पहिलं विचारलं, मावशी नाही आल्या? मी म्हणाले, बरं नाही तिला. तुला धडधाकट असताना आजारी पाडलं मी. त्यानंतर तू कुठल्याच लग्नाला येते म्हणाली नाहीस, आणि मीही कधी चल म्हणाले नाही. वाटायचं, सांगू कधीतरी, घाई काय आहे. पुढं दोन वर्षांनी खरंच आजारी पडलीस तेव्हा तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होते, बोलायला वेळ होता, आणि मी तुला डॉक्टर काय म्हणाले ते सांगत बसले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. लिहून झालं की वहीतच ठेवणार आहे. पण एकदा लिहून तरी ठेवते. घाटापलीकडच्या त्या लग्नाला व्हिडिओवाले वऱ्हाडाच्या बसनं पुढं गेले होते. काका ड्रायव्हरशेजारी बसले. मागे मी एकटी. जागा होती, माय. आदल्या दिवशीही मला माहीत होतं. घाट लागला तशी मी पिशवी खांद्यावरून काढली आणि शेजारच्या सीटवर ठेवली, आणि गाव येईपर्यंत ती तिथंच बसून होती.