भिंतीच्या माथ्यावरचं गवत

प्रिय बाबा,

खोकला कसा आहे? खरं सांगा. मी मजेत आहे, गुडघा जरा कुरकुरतो एवढंच.

आम्ही डागडुजी करतोय त्या पडक्या हवेलीला छप्पर नाही, मजले कधीच कोसळले. उत्तरेच्या उंच भिंतीत तिन्ही मजल्यांच्या शेकोट्यांचे कोनाडे एकावर एक अधांतरी उरलेत. वरून पाणी मुरतं म्हणून तीच भिंत पाडायला निघाले होते.

मी तिच्या माथ्यावर मातीसकट गवत अंथरलं. मुकादम एडविन म्हणाला, "हेस्टर, गवंड्याची पोर ना तू? बापानं जन्मभर भिंतीवरचं गवत उपटलं, आणि तू लावतेस?"

म्हटलं, "झाडाची मुळं दगड फोडतात. हे गवत नुसतं पाणी पितं. बघच तू."

मग आठवडाभर पाऊस झोडपत होता. काल तपासणीच्या बाई आल्या, खालच्या शेकोटीच्या कोनाड्यात हात फिरवून म्हणाल्या, "भिंत कोरडी आहे. राहू दे हिला." एडविननं टोपी काढली. म्हणतो, भिंतीला काढली, तुला नाही.

वसंतात आईला घेऊन बघायला या. फक्त शिडी मी लपवून ठेवणार आहे. तुम्ही वर चढून गवत उपटाल, ठाऊक आहे मला.

तुमचीच, भिंतीवर चढलेली
हेस्टर