विरजणाची बादली

६ जानेवारी

आले एकदाची. श्रीगोंद्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा एका बाजूला बॅग, दुसऱ्या बाजूला गादीची वळकटी आणि मध्ये मी, आईने दिलेली लोणच्याची बरणी छातीशी धरून. भिंगारचं क्वार्टर सोडून एकटीने राहायची ही माझी पहिलीच वेळ. आईला काळजी लागलीय आणि मला सण असल्यासारखं वाटतंय. कंपनीचे मालक अंगदराव स्वतः टेम्पो घेऊन न्यायला आले होते. वाटभर उसाच्या ट्रॉल्या, आणि त्या संपल्या की लिंबाच्या बागा.

आमची कंपनी या बागांवरच जगते. लिंबाच्या फांद्यांवर खवले कीड बसते, तिच्यासाठी आम्ही फवारणीचं तेल बनवतो. नुसतं तेल पाण्यात टाकून फवारता येत नाही, ते वर तरंगतं. म्हणून त्याचं इमल्शन करायचं, म्हणजे तेलाचे इतके बारीक थेंब करायचे की ते पाण्यात पसरून राहतील. दिसायला अगदी दूध, आणि इथे सगळे त्याला दूधच म्हणतात. मी क्वालिटी केमिस्ट, म्हणजे दुधाला नावं ठेवायचा पगार घेणारी.

लॅबच्या मागेच खोली मिळालीय. खिडकीतून मोठी टाकी दिसते. टाकीपाशी गमबुटांचा एक जोड आहे, स्वच्छ धुऊन पुसून ठेवलेला, जणू कोणी आत्ता येऊन घालणार आहे. आधीचा ऑपरेटर सहादेव, त्याचे म्हणे. तो सोडून गेला, असं अंगदराव म्हणाले आणि लगेच मला पंख्याचं बटण दाखवायला लागले.

९ जानेवारी

बनुबाईंशी गट्टी जमली. त्या सहादेवच्या आई. गेटजवळच्या खोलीत राहतात, झाडलोट करतात, चहा करतात. वाचता येत नाही, पण कुठल्या पिंपात काय आहे ते झाकणाच्या रंगावरून बरोबर ओळखतात. त्यांना वाटलं मी दुधात पावडर कालवते, म्हणून मी सगळं समजावून सांगितलं. तेलाचं आणि पाण्याचं पटत नाही, मध्ये एक तिसरा लागतो, त्याला इमल्सिफायर म्हणतात. तो एका हाताने तेलाला धरतो आणि दुसऱ्याने पाण्याला. त्याने हात सोडले की दूध फुटतं, तेल वर आणि पाणी खाली. घरी आई ताक घुसळून लोणी काढते तेव्हा हेच करते. बनुबाईंनी झाडू थांबवून ऐकलं आणि विचारलं, "त्येचे हात दुखत नसतील का वं?" मला हसू आवरेना.

इथलं दूध मात्र नवलाचं आहे. कपाटातल्या जुन्या नमुन्यांच्या बाटल्या काढून मी यंत्रात गरगरा फिरवल्या, उकळल्या, बर्फात ठेवल्या, वर मीठही घातलं. फुटत नाही म्हणजे नाही. आमच्या स्वस्तातल्या इमल्सिफायरमध्ये एवढा दम नाही, हे मी पैजेवर सांगेन.

१३ जानेवारी

कारण कळलं आणि पोट धरून हसले. ही मंडळी दुधाला विरजण लावतात. लॉट संपत आला की टाकीच्या तळातलं बादलीभर दूध बनुबाई राखून ठेवतात आणि नव्या लॉटमध्ये ओततात. त्यासाठी टाकी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत आणि धूतही नाहीत. अंगदरावसुद्धा गंभीर चेहऱ्याने म्हणाले की विरजण नसलं तर माल फुटेल. एम.एस्सी. करून मी दह्याच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हणायची. मी त्यांना सांगितलं, दह्यात जंतू असतात म्हणून विरजण चालतं, इमल्शनमध्ये जिवंत काही नसतं.

दर्जाचा शिक्का देणारे तपासणीला येणार आहेत. असली टाकी बघून ते काय म्हणतील ते मला ऐकून घ्यावं लागेल. संक्रांत झाली की टाकी धुवायची, मी ठरवून टाकलंय. अंगदराव कुरकुरत का होईना, हो म्हणाले. शिक्का त्यांनाही हवा आहे.

१६ जानेवारी

धुतली. तळाचा व्हॉल्व्ह मी स्वतः उघडला आणि सगळं दूध गटारात सोडलं. मग कॉस्टिक सोडा, मग गरम पाणी. बनुबाईंनी एक बादली पिंपांमागे गोणपाटाखाली झाकून ठेवली होती, ती मला सापडली. त्या बादलीची कडी दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "म्याडम, येवडी ऱ्हाऊ द्या. पाया पडते तुमच्या." मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण कामात असला लाड केला की पुढे कोणी ऐकत नाही. त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि बादली उपडी केली. ओतताना माझ्या हातांवर कोपरापर्यंत उडालं. अजून बुळबुळीत लागतंय, साबणाला दाद देत नाही.

बनुबाई गटारापाशी बसून राहिल्या. रडल्या नाहीत. वाहत्या दुधाला त्यांनी हात जोडले.

१८ जानेवारी

नवा लॉट फुटला. ढवळणी थांबवली आणि जरा वेळात तेल वर, पाणी खाली. इमल्सिफायर वाढवून पाहिला, पुन्हा तेच. अंगदराव रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, बाजारात जनावर बघतात तसे.

शिवाय हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही. पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. भांडी घासून रेषा गेल्या असतील, असं अंगदराव म्हणाले. हात धुतले तर पाणी टिकतच नाही, अळूच्या पानावरून ओघळावं तसं निघून जातं.

२१ जानेवारी

लॉट सुधारतोय. फुटलेला लॉट टाकीत तसाच पडून होता, ढवळणी बंद होती, आणि आज तो अर्धा पांढरा झालाय. असं होत नाही. फुटलेलं आपोआप जुळत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं.

सकाळी हातातून कप सुटला. मग आईची बरणी. फरशीवर तेल वेगळं, खार वेगळा. दाराची कडी ओढता ओढता रडकुंडीला आले, बोटं तिच्यावरून निसटत होती.

मला भीती वाटतेय. लिहिलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

२३ जानेवारी

दवाखान्यात गेले. रक्त काढलं. लॅबवाल्याने नळी हलवून पाहिली, पुन्हा काढलं. म्हणाला, सॅम्पल खराब होतंय मॅडम, का ते कळत नाही. मला नळी दिसत होती. मी रोज हेच बघते, मला कोणी सांगायला नको. वर पिवळं तेल, मध्ये पाणी, खाली लाल गाळ. मध्ये सरळ रेघा.

परत येऊन टाकीतला नमुना घेतला. पांढराशुभ्र. मीठ घातलं, फुटला नाही. माझं जेवढं सुटतंय तेवढं तिकडे जुळतंय. माणूस तरी काय असतो, तेल, पाणी आणि त्यांना धरून ठेवणारं काहीतरी. ते काहीतरी माझ्यातून चाललंय.

२४ जानेवारी

बनुबाईंना स्पष्टच विचारलं, सहादेव कुठे गेला. कप विसळता विसळता त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. अंगदरावांनी त्याला टाकी खरवडायला आत उतरवलं होतं. आत वाफ कोंडलेली, त्याला भोवळ आली असणार. तो वर आलाय असं समजून कोणीतरी पाणी-तेल सोडून ढवळणी चालू केली. झाकण उघडलं तेव्हा गमबूट निघाले. बाकी काही नाही, हाडसुद्धा नाही. त्या दिवसापासून दूध कधी फुटलं नाही. अंगदरावांनी गावभर सांगितलं, सोडून गेला.

"त्योच धरून ऱ्हायला हुता," त्या म्हणाल्या. "म्हून मी बादली राखायची. माझं लेकरू संपू न्हाई."

मी विचारलं, आणि आता. त्यांनी विसळलेला कप पालथा घातला. मग म्हणाल्या, "तुमी त्याला मोकळं केलं. पन टाकीला कोन तरी लागतंय. तिनं तुमाला धरलंय."

२५ जानेवारी

पळाले. नगरच्या एस.टी.त बसले. भिंगार, आई, एवढंच डोक्यात. बस जसजशी लांब गेली तसतसं डोळ्यांपुढचं दोन थरांत— वर पिवळं, खाली काहीच नीट नाही. नाकातून आधी पाणी आलं, मग तेल. लोक सरकून बसले. कंडक्टर म्हणाला, ताई, उतरा, दवाखाना गाठा. उतरले. श्रीगोंद्याकडे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवर बसून परत आले. दुसरं काही सुचलं नाही.

गेट दिसलं आणि श्वास जागेवर आला. टाकीला पाठ लावून बसले की बरं वाटतं. तेच भयंकर आहे.

२६ जानेवारी

सगळं सोडून द्यायचं. मागच्यासारखं, गटारात. व्हॉल्व्हचं चाक धरलं. निसटलं. फडकं गुंडाळून धरलं. निसटलं. दातांनी—

अंगदरावांच्या पाया पडले. ते म्हणाले, एवढा चांगला लॉट कोणी ओतून देतं का मॅडम.

त्यांना माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं.

२७ जानेवारी

पेन बोटांना दोऱ्याने बांधलंय. बनुबाईंनी बांधून दिलं.

तपासणीवाले येऊन गेले. नमुना पास. असं इमल्शन पाहिलं नाही म्हणाले. मी समोर उभी होते— माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

फोन वाजतोय. वर 'आई'. बोट फिरवते, फोनला बोट कळतच नाही. वाजतो, थांबतो. पुन्हा वाजतो. आई, उचलता येत नाही गं.

२८ जानेवारी

जीभ दातांवरून घसरते. शब्द जुळत नाहीत— बनुबाईंना हाक मारली, नुसता बुळबुळीत आवाज.

गमबूट माझ्या दारात. धुऊन पुसून.

हात दुखतात. दोन्ही. एक इकडे ओढतं, एक तिकडे. दुखतात, बनुबाई. तुम्ही विचारलं होतं ना— दुखतात.

२९

टाकीचं झाकण उघडं. पाय आपले आपण—

बनुबाई आल्या. हातात बादली, घासून लख्ख. माझ्या पाठीवर हात ठेवला, तो घसरून खाली गेला. त्या रडतायत. म्हणतात, "भिऊ नगं लेकरा. तुला संपू द्यायची न्हाई मी. दर लॉटला बादलीभर राखीन. तुजी आई आली तर तिला दावीन."

नको. नको. सहादेवसारखं नको. धरून राहायचं नाही मला, मोकळं—

मोठ्या अक्षरांत लिहिलं. वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी अक्षरांवरून मायेने हात फिरवला. मान हलवली, व्हय व्हय. त्यांना वाचता येत—

बनुबाई बादली ठेवू नका. सगळं गटारात ओता. एक थेंबसुद्धा राखून