अर्जातला माझा शब्द

प्रिय देशकर काका,

तुमच्या तेराव्याला तुमच्या लेकीने, मीनूने, मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. हळूच विचारलं, "दादा, बाबांनी सच में पैसे खाल्ले होते का?" मी नाही म्हणालो. पण तेवढं म्हणायला मला वेळ लागला, आणि तो तिने पाहिला. म्हणून हे पत्र.

शहरभर शाखा असलेल्या त्या मोठ्या सहकारी बँकेत तुम्ही कर्जं मंजूर करायचात. आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या निम्म्या घरांची ठेव तिथे होती. महागाईची वर्षं. आम्हाला तिची झळ कुठे? महागाई भत्ता वाढला की माझे बाबा पेढे आणायचे. शेजारून तुम्ही चिडवायचात, की भाव वाढले म्हणून तोंड गोड करणारी माणसं फक्त इथेच सापडतील.

मग भाव थांबले. सगळे खूश झाले. आणि दोन वर्षांत बँक बुडाली. भाव थांबल्याने बँक बुडते? कुणाला पटणार होतं!

तुम्ही आमच्या व्हरांड्यात बसून बाबांना समजावलंत. सोनागिरीच्या बाजारातले व्यापारी कर्ज काढून माल भरत, प्लॉट घेत. भाव चढले की विकून फेडत. आता माल पडून राहिला, प्लॉटला गिऱ्हाईक मिळेना, व्याज मात्र जुन्याच चढ्या दराचं. जुनं कर्ज बुडू नये म्हणून तुम्ही नवं दिलंत. पुन्हा दिलंत.

"भाव चढत होते तोवर माझ्या चुका झाकल्या जात होत्या," तुम्ही म्हणालात. "मलाही त्या दिसल्या नाहीत."

आतल्या खोलीत मी हे सगळं ऐकलं. तरी ठेवीदारांचा अर्ज मीच लिहिला. बाबांच्या फंडाचे पैसे अडकले होते, आणि माझी हिंदी चांगली, असं सगळे म्हणत. 'व्यापारियों से मिलीभगत,' मी लिहिलं. 'संगनमत'पेक्षा हा शब्द कानाला नेमका वाटला. पुरावा कुणी मागितला नाही.

चौकशीत तसं काही निघालं नाही. पण तोवर तो शब्द घरोघरी पोचला होता. तुम्ही त्यावर एकदाच बोललात. अर्जाची प्रत माझ्यासमोर धरून म्हणालात, "शब्द चांगला शोधलास."

का नाही रागावलात, काका? मग मी माफी तरी मागितली असती.

तुम्ही आमचा शेजार सोडून अरेरा कॉलोनीत राहायला गेलात. इतक्या वर्षांत मी चारदा आलो. चहा घेतला. गुडघेदुखीवर बोललो.

चूक तुमची होती. चोरी नव्हती. एवढी दोन वाक्यं तुमच्या हयातीत माझ्याच्याने का लिहिली गेली नाहीत?

रविवारी मीनूकडे जाईन. तो शब्द माझा होता, आणि लिहिताना मला खरं ठाऊक होतं, हे सांगेन. त्यानंतर मला घरात बसू द्यायचं की नाही, ते ती ठरवेल.

तुमचा अपराधी,
श्रीकांत