सातव्या देवचाराचा पत्ता

थी खो गाव,
मंगळवार, ५ मे १९९८

धाकट्या लेर मू,

आम्ही सगळे जिवंत आहोत. आपल्याकडे एवढं लिहिलं की खुशाली संपते. तुझी बायको सो वा हिला आठवा महिना लागलाय. पोट पुढे, जीभ त्याच्याही पुढे. पास्टरांचे पुढचे दात पडले, त्यामुळे प्रवचन आता लवकर आटोपतं. हे पत्र आंबवलेल्या मासळीच्या मडक्यात तळाशी बसून येईल. चौकीवरचे शिपाई त्यात हात घालत नाहीत. वास आला तर तो माझा समजू नकोस.

तू मीठवालीबरोबर धाडलेला निरोप पोचला. 'मला बहीण नाही.' मी तिला विचारलं, "बहीणच नाही तर निरोप कुणासाठी आणलास?" ती म्हणाली, "बाई, मला तुमच्या भांडणात घेऊ नका. मी मीठ विकते."

तुझं म्हणणं असं, की सरकारी फौजेला वाट मी दाखवली, म्हणून वरच्या गावातलं तुम्हा डोंगरात लपून लढणाऱ्यांचं धान्याचं कोठार जळालं. खरं आहे. वाट मीच दाखवली.

फेब्रुवारीत तू आपल्या शेताच्या वाटेवर सात सुरुंग पुरलेस आणि मला खूण सांगून गेलास. बाबा सापळ्याजवळ करायचे तीच, झाडाच्या डाव्या अंगाला गुडघ्याच्या उंचीवर तीन खाचा. मार्चमध्ये छावणीतून कॅप्टनचं पत्र आलं, मुखिया म्हणून माझ्या नावे. (पुरुष मुखिया झाला की दोन्हीकडून मार खातो, म्हणून गावाने हा मान एका बाईला दिला. आपलं गाव सुधारलेलं आहे.) पत्रात नेहमीप्रमाणे धमकीची एक बंदुकीची गोळी आणि एक लाल मिरची. पाच माणसं पाठवा, ओझ्याला आणि पुढे चालायला. पुढे चालायला म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू पुरतोस ते आमच्या पायांनी शोधायचं. मिरची मी चटणीत घातली. पाळीप्रमाणे पाचवं नाव सो वाचं होतं. ते खोडून मी माझं लिहिलं. हे तुला मीठवालीने सांगितलं नसेल.

तर आम्ही पाचजणी पुढे आणि मागे साठ बंदुका. पहिल्या खाचा दिसल्या तशी मी थांबले. म्हटलं, "साहेब, इथे देवचार आहे. पान ठेवून, नमस्कार करून बाजूने जावं लागतं." कॅप्टन शहरातला, शिकलेला, पण भुताचं नाव काढल्यावर त्याने आधी टोपी काढली. सगळी फौज रांगेने पाया पडली आणि झाडीतून वळसा घालून गेली.

तिसऱ्या ठिकाणी तो म्हणाला, "मावशी, तुमच्या डोंगरावर माणसांपेक्षा भुतंच जास्त आहेत."

"तुमची फौज दर वर्षी येते ना, साहेब."

तो हसला. मग हसायचा थांबला.

पाचव्याला त्याने स्वतःची चिरूट ठेवली. सहा वेळा सरकारी फौजेने तुझ्या सुरुंगांना हात जोडले, लेर मू. तुमच्या सेनापतीला इतका मान कधी मिळाला नसेल. आणि जन्मभर चर्चमध्ये बसलेल्या मी एका सकाळी सहा देवचार जन्माला घातले. पास्टरांना कळू देऊ नकोस.

तू विचारशील, एकदा तरी गप्प का बसली नाहीस. मारायचे ते मागे होते रे, पुढे आम्ही.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा डुकरांना घातलं, एकदा उगाच अंगण झाडलं.

सातवी खूण मला सापडली नाही. सहाव्यापासून पुढे प्रत्येक झाडाचं डावं अंग बघत गेले, एकावरही खाच नाही. माझी चाल मंदावली. मागची फॉ ले आजी माझ्या पुढे आली, सत्तरीची, पाठीवर तोफगोळ्यांची टोपली. ती वळून म्हणाली, "पाय दुखतोय का गं? ये, माझ्यामागून चल. मी हळू चालते."

मी गेले. ओढ्यापर्यंत तिच्या पावलाच्या ठशात पाऊल ठेवत गेले. अजून एक आहे हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

काही झालं नाही. आम्हाला छावणीच्या रस्त्याने परत सोडलं. आता दर रविवारी आजी मला शेजारी बसवते, 'हिने आम्हाला वाचवलं' म्हणून सगळ्यांना सांगते, आणि मी भजनाच्या पुस्तकात डोकं खुपसते. तू मला चुकीच्या गोष्टीसाठी टाकलंस, एवढंच सांगायचं होतं.

आता कामाचं. त्या वाटेवर तेव्हापासून कुणी गेलेलं नाही. दुसऱ्या वाटेवर छावणी. आठवड्याभरात शेत जाळून पेरलं नाही तर यंदा भात नाही, आणि तुझं मूल जुलैत जन्माला येईल. सहा मी चुकवू शकते. तू नऊ वर्षांचा असताना सापळा लावून सांगायला विसरलास आणि शेजाऱ्यांचं कुत्रं गेलं, आठवतं? बाबांनी तुला घरोघरी पाठवलं, जागा सांगायला. रडत गेलास, पण एकही घर चुकवलं नाहीस.

सो वाने कोयता पाजळून ठेवलाय. म्हणते, "ताई, सोमवारी मी जाणार. तुम्ही आलात तर बरं, नाही तर एकटी." तिला बांधून ठेवू का? तुझीच बायको ती, ऐकते का कुणाचं?

म्हणून सोमवारी सकाळी मी पुढे असेन आणि ती तीस पावलं मागे. या वेळी कुणी 'पाय दुखतोय का' विचारलं, तर नाही म्हणेन.

मीठवाली शनिवारी परतते. रुसवा तसाच ठेव, बहीण म्हणू नकोस, फक्त सहाव्याच्या पुढचं कोणतं झाड ते लिही. एक ओळ पुरे. शनिवारी ती ओळ आली नाही, तर सोमवारी जागा मी तुला कळवीन. आवाज डोंगरापलीकडे ऐकू जातो म्हणतात.

तुला नसलेली बहीण,
नॉ ब्ले