काढायच्या रकान्यातला कारखाना

जूचंद्र, नायगाव पूर्व
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. संजना हीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्याकडे सगळे खुशाल. वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिची कुरकुर त्याहून मोठी असल्याने काळजी नाही. भाऊजींचा खोकला थांबला का, ते लिही.

हे पत्र कंपनीचं आहे, म्हणून हाताने लिहितोय. तुळिंजचं दुकान फोनवर भाड्याने देताना बाबा आणि काकांनी एकाच 'हो'चे दोन अर्थ काढले होते. तेव्हापासून कंपनीच्या कुठल्याही खरेदी-विक्रीला संचालकांनी स्वहस्ते पत्र लिहायचं आणि ते फाइलला लावायचं, हा बाबांचा नियम आहे. आता आपण दोघंच संचालक उरलो. अल्पेश हसतो, म्हणतो, आत्या आणि पप्पा म्हणजे पोस्टाची शेवटची गिऱ्हाइकं.

एम.बी.ए. करून आल्यापासून त्याने एक काम मात्र चांगलं केलं. कंपनीने कुठेकुठे पैसा गुंतवलाय ते सगळं एका तक्त्यात मांडलं. गोखिवऱ्याचे दोन गाळे, तुळिंजची दुकानं, कामणचं गोदाम, म्युच्युअल फंड आणि पाचूबंदरच्या बर्फ कारखान्यातला आपला निम्मा हिस्सा. तो म्हणतो, मालमत्ता सुटी सुटी सांभाळायची नाही, सगळा पोर्टफोलिओ एकत्र बघायचा. त्याने तीन रकाने केलेत: ठेवायचं, वाढवायचं आणि काढायचं. कामण वाढवायच्या रकान्यात आहे. बर्फ कारखाना काढायच्या.

तो आईचा, हे मला माहीत आहे. पण तक्ता भावनेवर चालत नाही, असं अल्पेशचं म्हणणं आहे. विक्रीला तुझी संमती हवी, ती कळव.

सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तक्त्यात मांडलेला नाही एवढंच.

तुझा,
हितेशदादा


पेण
१९ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र आणि तक्ता मिळाला. रंग छान आहेत. ह्यांचा खोकला गेला, आता नुसती सवय उरली आहे.

दादा, तीस वर्षं सहकारी बँकेत मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. कागद गुळगुळीत दिसला की माझा हात आपोआप भिंगाकडे जातो, त्याला मी काय करू? तुझ्या पत्रात 'अल्पेश म्हणतो' तीन वेळा आहे. तू काय म्हणतोस ते एकदाही नाही. विकायचं कोणाला सुचलं, गिऱ्हाईक आधी ठरलं की तक्ता आधी झाला, हेही कुठे लिहिलेलं नाही.

शिवाय तक्त्यात एक चूक आहे. अल्पेशने प्रत्येक गोष्टीचा नफा वेगळा काढला. कोणती गोष्ट कोणत्या वर्षी तारते, ते पाहिलं नाही. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती आणि कामणचा भाडेकरू रातोरात पळाला, तेव्हा होड्या पुन्हा सुटल्यावर घर बर्फाने चालवलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा दुकानांची भाडी येतात. बाबा म्हणायचे, खाडी कुठला बांध फोडील ते सांगता येत नाही, म्हणून सगळं भात एकाच बांधाआड लावू नये. त्यांनी एम.बी.ए. केलेलं नव्हतं.

तरी मी अडवत नाही. अडवलं तर उद्या भावकीत बोलणं होईल की बहीण पेणला बसून माहेरच्या मालावर डोळा ठेवते. आईने हट्टाने मला संचालक केलं, ते अजून काहींच्या घशाखाली उतरलेलं नाही. संमती देते, पण एका अटीवर. येणारी प्रत्येक ऑफर मला लेखी कळवायची, आणि घेणारा कोण ते मला कळलं पाहिजे.

वहिनीला नमस्कार, अल्पेशला आशीर्वाद. लोभ असू द्यावा, शंका माझ्याकडे भरपूर आहेत.

तुझी,
संजना


जूचंद्र
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संजना हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अल्पेशने विक्रीचा मनोदय ग्रेसीमावशीच्या कानावर रीतसर घातला. कारखान्याचा दुसरा निम्मा हिस्सा तिचा, तेव्हा ते आवश्यक होतं. मावशीने त्याला भरपूर चहा पाजला आणि घरच्यांची चौकशी केली.

अर्नाळ्याच्या एका फर्मची ऐंशी लाखांची ऑफर मी तुला ३ तारखेला कळवलीच होती. ७ तारखेला अलिबागच्या कोण्या कोल्ड स्टोरेजवाल्यांची ब्याऐंशीची आली. मी ती ८ तारखेला तुला लिहिली. काल अर्नाळावाल्यांनी नव्वद केले. एवढ्या जुन्या यंत्रांना एवढा भाव येतो, याचं अल्पेशला कौतुक वाटतं. मला मात्र झोप नाही.

अलिबागवाल्यांचा मला संशय येतो. पाचूबंदर त्यांनी नकाशात तरी पाहिलंय का? बिल्डरचा माणूस असणार, बर्फाचं नाव पुढे करून जागा गिळायला बसलेला. अलिबाग तुला जवळ आहे, गुपचूप चौकशी कर. अर्नाळावाल्यांची चौकशी मी केली. माणसं साधी आहेत, कारखाना चालवणार म्हणतात.

आजच वालाच्या शेंगा पाठवणार होतो, पण कुरिअरवाल्याने हात जोडले. कुणी येणारं असेल तर कळव.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ नेहमीचाच राहू दे.

तुझा,
दादा


पेण
२२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अलिबागची चौकशी केली. घराणं चांगलं आहे, व्यवहार स्वच्छ आहे, बर्फाचंच काम पुढे चालवायचं आहे. माझी खात्री पटली. लवकरच त्यांचे पंच्याण्णव तुझ्याकडे येतील असं ऐकते.

आता तुझ्या साध्या माणसांचं बघू. अलिबागचे ब्याऐंशी तू मला ८ तारखेला लिहिलेस. १४ तारखेला अर्नाळ्याने नव्वद केले. म्हणजे आकडा फुटला. पेणहून तो अर्नाळ्याला जायचा तर मला कबुतर सोडावं लागलं असतं. तुझ्या घरातून मात्र रिक्षा मिळते. अल्पेशला त्यांच्याकडून काही मिळायचं ठरलं आहे का? हे लिहिताना मला वाईट वाटतंय, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण बँकेत मी सख्ख्या भावाची खोटी सही करणारे पाहिले आहेत, आणि तेही असेच चांगल्या घरचे होते.

घेणाऱ्याचं नाव सांगायची अट होती. तू फर्मचं नाव लिहितोस. फर्मला आई-बाप असतात, ते कोण?

वालाच्या शेंगा राहू दे, आमच्याकडे या वर्षी खूप झाल्या आहेत. लोभाचं काय ते आता तूच ठरव.

संजना


जूचंद्र
२ मार्च २०२५

चि. सौ. संजना हीस,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. अल्पेशला दाखवलं नाही. फाइलला लावताना तुझी ती ओळ खोडावी असं वाटलं, पण बाबांच्या नियमात खाडाखोड बसत नाही. उद्या तो संचालक होईल, फाइल चाळील आणि आत्याने आपल्याला काय ठरवलं होतं ते वाचील. राग आला, तो लिहून टाकतो, म्हणजे फोनवर निघणार नाही.

आता माझा हिशेब ऐक. अर्नाळ्याचे ऐंशी मी तुला ३ तारखेला लिहिले. पत्र तुला ५ किंवा ६ ला मिळालं असणार. ७ ला अलिबागहून ब्याऐंशी आले, बरोब्बर दोन जास्त. अर्नाळ्याचा आकडा मी तोवर घरात कुणालाही सांगितला नव्हता. आणि त्यांचे पंच्याण्णव माझ्या हातात पडले तुझं पत्र आल्यानंतर दुसऱ्या दिवशी. येण्याआधी तुला ते कसे दिसले? भिंग लावून?

तो ऐंशीचा आकडा तोवर तुला आणि मला, दोघांनाच ठाऊक होता. मी एवढंच म्हणतो. यापुढचं लिहवत नाही.

तुझी मुलगी दिपिका बाहेर शिकायला जाणार, तुम्हाला पैशांची गरज असणार, हे मी समजू शकतो. तसं सरळ म्हणाली असतीस तर मी मार्ग काढला असता. दलालीच्या आडून यायची गरज नव्हती.

आशीर्वाद तर आहेतच. ते काही मला परत घेता येत नाहीत.

हितेश


पाचूबंदर, वसई
२३ मार्च २०२५

चि. हितेश आणि चि. संजना,
तुमच्या ग्रेसीमावशीचा आशीर्वाद. देवबापाची कृपा तुमच्यावर असो.

दोघांना एकच पत्र पाठवते. माझी नात सुझान लिहिते, मी सांगते. तिला म्हटलंय की मी बोलते तसंच लिही, सुधारू नको. तरी ती सुधारतेच.

अल्पेश आला तेव्हा मी विचारलं, घरात कोणालाच कारखाना नको का? तो म्हणाला, कोणी तसं बोललं नाही. मग फर्मवाले बघायला आले. अर्नाळ्याच्या लोकांबरोबर हितेशचा मेहुणा रामनाथ होता, लांब उभा, तोंड फिरवून. तुमच्या आईच्या, धोंडूबाईच्या, दिवसांना पंगतीत मी त्याला वाढलंय, मी त्याला ओळखणार नाही? पुढच्या आठवड्यात अलिबागचा हर्षवर्धन आला. मोठा गोड मुलगा. जेवायला बसवला, घरचं विचारलं, तर म्हणाला, माझी मामी पेणला असते, संजनामामी.

तेव्हा मला कळलं की दोघांनाही हवाय. आनंद झाला. वाटलं, आता कोणीतरी येईल, आज नाही तर रविवारी. तीन रविवार मी चर्चच्या मिसाहून आल्यावर दारात बसले. कोणी आलं नाही. आकडे मात्र वर वर गेले.

मग मी पेटीतला कागद काढला. कारखाना सुरू केला तेव्हा तुमच्या आईने आणि मी वकिलाकडून तो करून घेतला होता. तुमच्या कंपनीच्या फाइलीत त्याची प्रत आहे, तुम्ही पाहिली नसेल. त्यात लिहिलंय की दोघींपैकी जिचं घर हिस्सा विकायला काढील, त्याचा हिस्सा दुसरीने ताळेबंदातल्या किमतीला घ्यायचा, बाहेरच्याने कितीही देऊ केले तरी. हे आम्ही नवऱ्यांच्या धास्तीने केलं होतं. धोंडूबाईचं बोलणं मला अजून आठवतं: "नवरं नाय इकलं तं पोरं मोठी होऊन इकतील. तवा तू कारखाना सोरू नको, ग्रेसी."

परवा माझ्या वकिलाने तुमच्या कंपनीला नोटीस दिली. पैसेही भरले. तुमच्या ऑफरींपेक्षा ते खूप कमी आहेत, पण कागदात तसंच आहे.

तुमच्यातल्या एकाने जरी येऊन सांगितलं असतं की मावशी, मला हा ठेवायचाय, तर मी कागद पेटीत राहू दिला असता. पण जी भावंडं घ्यायच्या वेळी एकमेकांपासून तोंड लपवतात, ती उद्या कोर्टात जातील आणि कारखान्याला कुलूप लागेल. चाळीस घरांची मासळी या बर्फावर टिकते. मला त्यांचं बघायला पाहिजे.

रागावलात तरी माझ्याकडे जेवायला या. वेगवेगळे नको.

तुमची,
ग्रेसीमावशी


पेण
३० मार्च २०२५, गुढीपाडवा

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुढी उभारली, आणि हे पत्र लिहायला बसले. फाइलमधली प्रत तू पाहिली असशील. मीही सीएकडून मागवून वाचली. खाली आईची सही आहे, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या पाहिल्या आणि ही पाहिली नाही. मावशीचं बरोबर आहे. लढायला जागा नाही, आणि असती तरी मी लढले नसते.

आता खरं लिहिते. हर्षवर्धनला मी पाठवला. दिपिकाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे आणि माझा फंड मिळून मी एक कोटीपर्यंत जाणार होते. मला भीती होती की मला हवाय म्हटलं तर हिस्सा मागायला आली असं होईल, आणि माझं माहेर तुटेल. आई गेल्यापासून तुझ्या दारात येताना माझा पाय आधीच जड होतो. म्हणून मी लपून आले, आणि लपलेलं माणूस सगळीकडे चोरच बघतं. अल्पेशबद्दल लिहिलं त्याची मला लाज वाटते. ती ओळ फाइलमध्ये राहू दे. तिच्या खाली हे पत्र लाव, म्हणजे तो दोन्ही वाचील.

तू रामनाथला का पाठवलंस, ते मी ओळखलं आहे. कंपनीचा माल स्वतः घेतलास तर बहीण म्हणेल, दादाने स्वस्तात खाल्ला. आणि मी तसं म्हटलं असतं, दादा. नक्की म्हटलं असतं. म्हणून तुझ्यावर मला रागावता येत नाही, तरी मी रागावले आहे. तुला हवा होता तर पहिल्याच पत्रात 'अल्पेश म्हणतो'च्या जागी तेवढं एक वाक्य लिहायला काय झालं होतं? आणि मला हवा होता तर बांधांच्या गोष्टी सांगण्यापेक्षा मी ते का लिहिलं नाही? साठीला आलेली दोन माणसं आपण, आणि आईची एक वस्तू दोघांना हवी आहे हे दुसऱ्या घरची बाई जेवायला वाढता वाढता ओळखते.

मावशीकडे मी येत्या रविवारी जाणार आहे. नऊच्या गाडीने वसईला उतरेन. तू स्टेशनवर ये, आपण एकत्रच जाऊ. कारखाना परत मागायचा नाही. नुसतं जेवायचं.

राहिलेल्या तक्त्याचं आता बघायला हवं. अल्पेशने कामणच्या गोदामासाठी कर्ज काढायचा प्रस्ताव पाठवला आहे. बर्फ गेला, आता उरलेलं बहुतेक सगळं भाड्यावर उभं आहे, तेव्हा मला ते कर्ज नको. त्यापेक्षा दुसरा बर्फासारखा धंदा शोधावा, आणि तो तू, मी आणि अल्पेशने मिळून उघडपणे करावा. हे माझं मत आहे, कुणाचं नाव पुढे न करता लिहिलेलं. आता तुझं काय, ते तुझ्या शब्दांत कळव. उलट असेल तरी चालेल.

वहिनीला नमस्कार, अल्पेशला आशीर्वाद. लोभ मी मागत नाही, रविवारी स्टेशनवर ये.

तुझी,
संजना