आमच्या छताची पाच झाकणं

टूवूंबा, रविवार

तीर्थरूप मोहनमामांस,

यतिनचा सविनय जय भीम. मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून लिफ्टच्या मर्जीवर आहात, ते कळवा. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि ‘सुखरूप’ हा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही, त्याला गॅसफिटरचं सर्टिफिकेट आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आई शेजारी बसून माझी वाक्यं पूर्ण करते आणि ती पूर्ण झाल्यावर माझी राहत नाहीत.

तुम्हाला वाटत असेल, ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन. पण टूवूंबा डोंगरावर आहे. जुलैत सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ मी हॉस्पिटलच्या आयकार्डाने खरवडतो. (त्यामुळे कार्डावरचा माझा फोटो पुसला गेलाय आणि लॅबमध्ये मी सध्या फक्त आडनावावर आत जातो.) पण आमच्या भाड्याच्या घरात बॉयलर आहे. तो कपडे धुण्याच्या खोलीत बसून पाणी तापवतो, ते गरम पाणी घरभर फिरतं आणि आपण स्वेटर काढतो. या बॉयलरचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाला फ्लू म्हणतात. (आजारातला वेगळा. तोही आम्हाला झाला होता.) पाइप दिसायला वाईट, म्हणून मालकाने त्याच्याखाली नवं छत ठोकून तो झाकून टाकला. छत इतकं गुळगुळीत आहे की घर बघायला आलो तेव्हा मयूरा नुसतं छत बघूनच हो म्हणाली.

मे महिन्यात आई आली आणि आठवड्याभरात तिचं डोकं दुखायला लागलं. निदान तिनेच केलं: सूनबाईचा टी-बॅगचा चहा. “धाग्याला बांधून बुडवलेला चहा प्यायल्यावर दुसरं काय होणार?” मयूरा रोज नर्स म्हणून वीस जणांची डोकी सांभाळते, ती फक्त कप जरा जोरात ठेवायला लागली. मी आईचं बीपी मोजायचो, तिचं नॉर्मल यायचं, माझं वाढायचं.

अशात वर्षाच्या तपासणीला ग्लेन नावाचा गॅसफिटर आला. एवढ्या थंडीत अर्ध्या चड्डीत. त्याने बॉयलर बघितला, मग दहा मिनिटं छताकडे बघत उभा राहिला. आई हळूच म्हणाली, “देवाधर्माचा दिसतो.” शेवटी तो म्हणाला, “मेट, फ्लू दिसत नाही, तर मी सही करत नाही.” पाइपाचा प्रत्येक जोड बघता यावा म्हणून छताला तिथे तिथे झाकणं बसवा, तोवर बॉयलर बंद. लाल चिठ्ठी लावून तो गेला.

घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीच्या मॅनेजरबाईंनी झाकणं बसवायला प्रतापला पाठवलं. तो हरयाणाचा, हातात घराचा नकाशा. “भाई, टेन्शन मत ले,” म्हणाला आणि हॉलच्या छताला चौकोन कापला. आत पाइप नाही. बाथरूममध्ये कापला, नाही. आमच्या पलंगाच्या वर कापला, तिथून एक टेनिसचा चेंडू पडला, पाइप नाही. स्वयंपाकघरात चौथा कापल्यावर मयूराने नकाशा हातात घेतला आणि कळलं की तो शेजारच्या जुळ्या घराचा आहे. दोन्ही घरं सारखीच, फक्त आरशातल्यासारखी उलटी. प्रतापने मात्र चारही झाकणं नेटकी बसवली, बिजागऱ्या आणि कडीसकट. जणू वर कोणी राहायला येणार आहे.

तेव्हा आई, तीन शाली पांघरून, म्हणाली, “माझ्या खोलीत कापा. पाल रोज एकाच जागी बसायची. हीटर बंद झाल्यापासून येत नाही.” मी हसलो. प्रताप हसला नाही. त्याने त्या जागी कापलं, आणि पाइप होता. बरोबर आईच्या उशीच्या वर त्याचा जोड सुटून चार बोटं उघडा पडला होता. दुसऱ्या दिवशी ग्लेन आला, टॉर्च मारून बघितलं आणि शिडीवरूनच विचारलं,

“इथे कोण झोपतं?”

“माझी आई.”

“डोकं दुखायचं?”

मामा, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. रक्तात धुरातला विषारी वायू किती भिनलाय हे मोजायचं मशीन माझ्या टेबलापासून तीन पावलांवर आहे, आणि मी घरी बीपी मोजत बसलो होतो. मी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. मयूरा आली, शेजारी बसली. मग आम्ही आईला हॉस्पिटलला नेलं. रिपोर्ट चांगला आला, कारण बॉयलर बंद होऊन बारा दिवस झाले होते आणि तिचं डोकंही बारा दिवस दुखलं नव्हतं. हे थंडीत कुडकुडताना कोणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं होतं. बॉयलर बंद झाला त्याच दिवशी तिने पातेल्यातला उकळलेला चहा सुरू केला होता, सगळं श्रेय त्याला. पाइपाचं कारण ती अजूनही मानत नाही. मयूरानेही टी-बॅगचा डबा शेजारी देऊन टाकला, म्हणाली, बारा दिवसांत आई चौदा वेळा हसल्या, मला चालेल.

ग्लेनने जोड पक्का केला, सही केली, घर पुन्हा उबदार झालं. पाल परत आली, आता कडीवर बसते.

मग नव्या मॅनेजरबाई घर तपासायला आल्या. (जुन्या नोकरी सोडून कालगुर्लीला गेल्या.) त्यांच्याकडे प्रतापची नोंदच नाही. त्यांनी पाचही झाकणांचे फोटो काढले आणि ईमेल आला: भाडेकरूने परवानगीशिवाय छताला पाच दारं बसवली आहेत, छत पूर्ववत करावं. पूर्ववत केलं तर ग्लेन बॉयलर बंद करणार. तसं कळवलं, तर उत्तर आलं, “नो वरीज, मग दारं ठेवा, पण घर सोडा.”

असो. मामींना सांगा, आईची तब्येत उत्तम आहे.

आपला भाचा,
यतिन

ता. क. : पत्राचं कारण राहिलंच. नव्या घराच्या अर्जात आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र मागतात. या एजन्सीकडून ते मिळेल असं वाटत नाही, आणि त्याआधी आपलं घर सोडून मी फक्त तुमच्याकडे, नागपूरला, चार वर्षं राहिलो. तेव्हा घरमालक म्हणून इंग्रजीत लिहा की चार वर्षांत यतिनने छताला एकही भोक पाडलं नाही. नात्याचा उल्लेख नको.

ता. क. २ : हॉलमधल्या पंख्याशेजारचं भोक मीच पाडलं होतं, व्यायामाची कडी लावायला. ते वरच्या मजल्यावरच्या दत्तप्रसादकाकांनी पाडलं असं समजून तुम्ही त्यांच्याशी सोळा वर्षं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. आधी शिफारसपत्र पाठवा, मग वर जा.